नाजूक माशांचा चिवटपणा

समुद्रांतले रंगीत मासे घरीं पाळणें म्हणजे पैसे मोजून त्यांचें मरण विकत आणणें, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि दृढ आहे. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. तेव्हांपासून मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं तेथें काचेला नाक लावून निळे, पिवळे, केशरी मासे पाहिले, आणि 'आपल्याकडेहि असा एक आणूं या' हा त्यांचा हट्ट वडील मंडळींनीं एकाच वाक्यानें परतविला : ते फार नाजूक असतात, घरीं जगत नाहींत. या वाक्यांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. काचेच्या पेटींत आठ-पंधरा दिवसांत एकामागून एक मासे उलटे होऊन तरंगूं लागल्याचें दुःखद दृश्य पुष्कळ घरांनीं पाहिलें आहे. परंतु त्याच जातीचा मासा शेजारच्या घरीं सात-आठ वर्षें सुखानें नांदतो, याचा उलगडा 'नाजूक' या एका शब्दानें होत नाहीं. तेव्हां हा नाजूकपणा म्हणजे नेमकें काय, आणि तो कोठें संपून चिवटपणा कोठें सुरू होतो, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समुद्राचें पाणी घरांत ठेवून त्यांत जीव जगविण्याचा उद्योग तसा फार जुना नाहीं, आणि त्याच्या आरंभीं एका गृहिणीचा हात आहे हें आमच्या वाचकभगिनींना ऐकून बरें वाटेल. १८४६ सालीं इंग्लंडमध्यें ॲना थिन नांवाच्या बाई टॉर्की या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें मोठ्या धर्माधिकारावर होते. तेथील खडकांवरचीं लहान पोवळीं पाहून बाईंना त्यांचा मोह पडला व त्यांनीं तीं लंडनला आणलीं. समुद्र दूर, रोज ताजें पाणी येणार कोठून? साठविलेलें पाणी तर लवकरच नासूं लागे. बाईंनीं विचार केला कीं, समुद्रावर लाटा उसळतात तेव्हां पाण्यांत हवा मिसळते; मग तीच क्रिया घरीं कां करूं नये ? त्यांनीं उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पाणी ओतीत राहण्याचा क्रम सुरू केला. एका वेळीं अर्धा-पाऊण तास हें काम चाले आणि तें करण्यास एक लहान मोलकरीण होती. तिला त्यांत गंमत वाटे, असें बाईंनींच पुढें लिहून ठेविलें आहे. (आम्हांस मात्र त्या मुलीचे हात किती दुखत असतील, हा प्रश्न पडल्यावांचून राहात नाहीं.) पुढें त्यांनीं पाण्यांत समुद्रशेवाळ ठेविलें. पोवळीं नुसतीं जगलींच नाहींत, त्यांचा वंशहि वाढला. आणि त्या वाढीवरचा बाईंचा निबंध १८५९ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें पाणवनस्पति, गोगलगाई आणि मासे एकत्र ठेवून पाण्याचा तोल कसा राखतां येतो, हें १८५० सालीं दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानें 'अक्वेरियम' हा शब्द घरोघर पोंचविला. मग काय, इंग्लंडांतल्या प्रत्येक दिवाणखान्यांत काचेची पेटी आली. पण पांच-दहा वर्षांतच ती अडगळींत गेली, कारण आंतले जीव टिकेनात. नाजूक म्हणून त्यांची ख्याति झाली ती तेव्हांपासूनची.

ही ख्याति कशी खोटी ठरली, तें कळण्यासाठीं जवळजवळ शंभर वर्षें पुढें यावें लागतें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेंतले शौकीन लोक खाऱ्या पाण्याची पेटी एखाद्या शस्त्रक्रियेच्या खोलीप्रमाणें निर्जंतुक ठेवीत. पोवळ्यांचे सांगाडे उकळून, पांढरेशुभ्र करून आंत मांडीत. शेवाळाचा ठिपका दिसला कीं खरवडून काढीत. इतक्या स्वच्छतेंतहि मासे मरत. उलट जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली रीत सांगितली, ती ऐकून लोक चकित झाले. समुद्रांतून काढलेला खडक, त्यावर चिकटलेले किडे, स्पंज, शेवाळ, जंतु या सर्वांसकट त्यानें तो तसाच पेटींत ठेविला होता. यंत्र म्हणाल तर हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी, एवढेंच. आणि या 'घाणींत' त्याचे मासे व पोवळीं उत्तम नांदत होतीं. पुष्कळांनीं त्या वेळीं यावर विश्वास ठेविला नाहीं. पुढें बर्लिनच्या मंडळींनीं याच पद्धतीला फेस काढण्याच्या यंत्राची जोड दिली. गुऱ्हाळांत उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानें काढतात, तशी या यंत्रांत बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यांतली सेंद्रिय घाण वर येऊन बाहेर पडते. आज जगभर घरगुती खाऱ्या पेट्या मुख्यतः याच रीतीनें चालतात.

जिवंत खडकांत असें काय होतें ? आमच्या गृहिणींना हें एका शब्दांत सांगतां येईल : विरजण. मासा जें खातो त्याचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यांत उतरतो, आणि अमोनिया हें माशाला जहर आहे. समुद्रांत तें अफाट पाण्यांत विरून जातें. दोनशें लिटरच्या पेटींत कोठें जाणार? रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास दाखविलें कीं, एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें पुढें नायट्रेट करतात. हें शेवटचें द्रव्य माशाला पुष्कळच सोसतें. हे जंतु खडकाच्या छिद्राछिद्रांतून वसतात. पण दुधांत विरजण घातल्याबरोबर दहीं होत नाहीं, तसेच तेहि एका दिवसांत वाढत नाहींत. नवी पेटी जमून येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतों ? रविवारीं पेटी आणतों, सायंकाळीं मीठ कालवितों, सोमवारीं मासे सोडतों. मग ते मेले म्हणजे त्यांना नाजूक म्हणतों ! पूर्वीं कित्येक लोक पेटी 'जमविण्यासाठीं' मुद्दाम स्वस्त व चिवट जातीचे मासे आंत सोडून त्यांचे हाल करीत. आतां त्याची मुळींच गरज नाहीं. माशांवांचून पेटी चालू ठेवून थोडा अमोनिया वरून घातला, तरी जंतु तितकेच वाढतात.

एवढें झाल्यावर माशाच्या अंगच्या सोशिकपणाकडे वळूं. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें पस्तीस भाग क्षार असतात. हाडांच्या माशांच्या रक्तांत त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच क्षार असतात. म्हणजे समुद्रांतला मासा चोवीस तास पाण्यांत बुडालेला असूनहि एका अर्थानें तहानेला असतो. भोंवतालचें दाट पाणी त्याच्या अंगांतलें पाणी सारखें ओढीत असतें. हा तोटा भरून काढण्यासाठीं तो समुद्राचेंच पाणी पितो, आणि त्यांतलें जादा मीठ कल्ल्यांतल्या विशिष्ट पेशींकडून बाहेर टाकतो. हें काम जन्मभर, क्षणाचीहि उसंत न घेतां चालतें. ज्या जीवाला आपण फुलासारखा समजतों, त्याचा हा रोजचा कष्टाचा प्रपंच आहे.

या व्यवस्थेचा एक विलक्षण उपयोग मत्स्यपालकांनीं करून घेतला आहे. खाऱ्या पाण्यांतल्या माशांना एका परोपजीवी जंतूमुळें अंगावर पांढरे ठिपके उठतात. पुष्कळ पेट्या या रोगानें ओस पडल्या आहेत. अशा वेळीं मासे वेगळ्या भांड्यांत काढून त्यांतलें पाणी दोन-तीन दिवसांत हळूहळू फिकें करीत नेतात. पस्तिसाचे सोळा, त्याहूनहि थोडें खालीं, अर्ध्याहूनहि कमी खारें. माशाच्या रक्ताशीं या पाण्याचें आतां फारसें अंतर राहिलेलें नसतें. त्यामुळें मासा घाबरा होण्याऐवजीं त्याचे कष्ट उलट थोडे हलके होतात; परंतु जंतूला हा बदल सोसत नाहीं व त्याची पुढची पिढी निपजत नाहीं. इकडे मूळच्या पेटींत एकहि मासा न ठेवतां ती दोन-अडीच महिने तशीच चालूं दिली, तर तेथले जंतुहि उपाशी मरतात. त्याहून धीटपणाचा उपाय म्हणजे गोड्या पाण्याचें स्नान. त्याच उष्णमानाच्या व तितक्याच अल्क गोड्या पाण्यांत माशाला तीन-चार मिनिटें ठेवलें, तर कल्ल्यांवर चिकटलेले चपटे किडे गळून पडतात, आणि मासा, तो मात्र पुन्हां खाऱ्या पाण्यांत सोडतांच पोहूं लागतो. ज्याला समुद्रावांचून क्षणभर करमत नाहीं म्हणून आपण हळहळतों, त्याची ही करामत आहे. हा प्रयोग अनुभवी माणसाशेजारीं उभें राहून शिकल्याखेरीज कोणीं करूं नये, हें सांगावयास नकोच. आणि पोवळीं, कोळंबी, गोगलगाई यांना हें फिकें पाणी मानवत नाहीं, म्हणून तो वेगळ्या भांड्यांतच करावयाचा.

इतका सोशिक जीव मग मरतो कां ? बहुधा तो आपल्या घरीं येण्यापूर्वींच अर्धा मेलेला असतो. खाऱ्या पाण्यांतले शोभेचे बहुतेक मासे आजहि समुद्रांतूनच पकडले जातात. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकापासून पोवळ्यांच्या भेगांत सोडियम सायनाइडचें पाणी फवारून मासे गुंगविण्याची दुष्ट चाल पडली. ती पुढें इतरत्रहि पसरली. त्यानें मासा हातीं लागतो, पण त्याचें अंतरंग बिघडतें, आणि आजूबाजूचीं पोवळीं मरतात तीं निराळींच. नंतर पिशवीचा प्रवास. विमानांत आतड्यांत अन्न नको म्हणून माशांना उपाशी ठेवतात. बंद पिशवींत श्वासानें कर्बवायु सांठून पाणी आम्ल होतें, आणि गंमत अशी कीं, आम्ल पाण्यांत अमोनिया फारसा विषारी राहात नाहीं. पिशवी उघडतांच कर्बवायु उडून जातो, पाणी पूर्ववत् होऊं लागतें आणि इतका वेळ निजलेलें विष जागें होतें. म्हणून दूरच्या प्रवासाची पिशवी उघडून त्याच घाणेरड्या पाण्यांत तासन् तास थेंब थेंब नवें पाणी घालीत बसणें हें भूतदयेचें वाटलें, तरी मासा त्यानेंच दगावतो. पिशवी न उघडतां पेटींत तरंगत ठेवून उष्णमान सारखें करावें, दोन्हीं पाण्यांचा खारेपणा आधींच जुळवून घ्यावा, आणि मग पिशवींतलें पाणी बाहेर टाकून मासा चटकन् नव्या पाण्यांत घ्यावा हें बरें.

नाजूकपणाचा आणि चिवटपणाचा हा गुंता ज्याच्या ठिकाणीं अगदीं स्पष्ट दिसतो, असा एक मासा म्हणजे मँडरिन. चिनी दरबारी अधिकाऱ्यांच्या जरतारी झग्यावरून त्याचें नांव पडलें आहे. जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो सांपडतो. त्याचें शास्त्रीय वर्णन आल्बर्ट हेर यांनीं फिलिपाइन्समधील नमुन्यांवरून १९२७ सालीं केलें. बोटाएवढा जीव. अंग निळें, त्यावर केशरी रंगाच्या नागमोडी पट्ट्या, आणि डोळे बाहुलीसारखे. पैठणीचा काठ विणणाऱ्यालाहि हा रंगमेळ सुचला नसता. शिवाय हा निळा रंग खराखुरा आहे. मोराचें पीस किंवा बहुतेक माशांचा निळेपणा हा प्रकाशाच्या खेळानें भासतो. मँडरिनच्या कातडींत मात्र निळ्या रंगद्रव्याच्या स्वतंत्र पेशी आहेत, हें जपानी संशोधकांनीं १९९५ सालीं दाखविलें. पृष्ठवंशी प्राण्यांत असा निळा रंग अत्यंत विरळा.

या माशाला खवले नाहींत. खवल्यांऐवजीं त्याच्या सर्वांगावर दाट, उग्र वासाचा व कडू बुळबुळीत लेप असतो. त्यामुळें मोठे मासे त्याच्या वाटेस जात नाहींत. आणि ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानें धट्टेकट्टे मासे आडवे होतात, तो रोग याला क्वचितच जडतो. सगळी पेटी आजारी पडली असतां हा एकटा खडकावरून आपल्या पुढच्या परांनीं चालल्यासारखा शांतपणें फिरत असल्याचें पाळणारे सांगतात. तरीसुद्धां दुकानांतून घरीं नेलेल्या मँडरिन माशांपैकीं पुष्कळसे महिन्या-दोन महिन्यांत मरतात. कशानें ? भुकेनें. त्याचें तोंड टाचणीच्या डोक्याएवढें. खडकावर व वाळूंत वावरणारे कोपेपॉड नांवाचे सूक्ष्म कवचधारी जीव एकेक न्याहाळून टिपणें, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. वरून टाकलेल्या कोरड्या अन्नाकडे तो बहुधा ढुंकूनहि पाहात नाहीं. नव्या, स्वच्छ पेटींत असे जीव नसतातच. भोंवतालचे इतर मासे चरबीनें गोल होत असतात आणि हा भरल्या घरांत उपाशी राहतो. त्याचें पोट आंत जाऊन पाठीकडचा भाग धारेसारखा दिसूं लागला, म्हणजे वेळ जवळ आली असें समजावें.

उलट एक वर्षभर नीट चाललेली, खडकांनीं भरलेली, शेवाळाचा एखादा कोपरा मुद्दाम राखलेली पेटी असेल, तर त्यांत हाच मासा वर्षानुवर्षें राहतो, गलेलठ्ठ होतो. जोडी असेल तर सांज पडतां पडतां नर आपला उंच पर उभारून मादीभोंवतीं फिरूं लागतो. मग दोघे अंगाला अंग लावून खडकापासून हळूहळू वर चढतात, क्षणभर थांबतात, अंडीं सोडतात आणि झटक्यानें खालीं अंधारांत नाहींशीं होतात. हें सगळें काचेच्या पेटींत, कोचाशेजारीं ! अलीकडे परदेशांतल्या मत्स्यपैदास केंद्रांत मँडरिनचीं पिलें वाढवून त्यांना लहानपणापासून तयार अन्नाची सवय लावतात. अशा पैदाशीच्या माशांची उपासमार पुष्कळ टळते. हा मासा जाळ्यानें मात्र कधीं पकडूं नये. गालावरचा कांटा जाळ्यांत अडकतो व तो जखमी होतो. काचेच्या पेल्यानें उचलावा.

विदूषक माशाची गोष्ट निराळी. मुलें त्याला २००३ सालच्या बोलपटामुळें 'निमो' या नांवानें ओळखतात. समुद्रपुष्पाच्या विषारी बाहूंत लपून राहणारा हा चिमुकला मासा त्या आश्रयावांचून एक दिवस काढणार नाहीं असें वाटतें. पेटींत तो समुद्रपुष्पाशिवायहि खुशाल राहतो. त्याची कुटुंबव्यवस्था तर आपल्या वाचकांना गंमतीची वाटेल. एका समुद्रपुष्पांत सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि मग उतरत्या क्रमानें लहान मासे, जे अद्यापि नर ना मादी. प्रत्येकजण आपल्या वरच्यापेक्षां लहानच राहील इतकीच वाढ होऊं देतो, नाहींतर घराबाहेर काढला जाण्याची भीति. मादी मेली कीं नराचीच मादी होते व तिसऱ्याला बढती मिळते. इतकी शिस्त आपल्याकडील एकत्र कुटुंबांतहि दिसत नाहीं ! पापुआ न्यू गिनीच्या समुद्रांतील अशा माशांचें निरीक्षण करून संशोधकांनीं २००७ सालीं असें अनुमान प्रसिद्ध केलें कीं, त्यांतील मादी तीस वर्षांपर्यंत जगूं शकते. एवढ्याशा माशाला तीस वर्षें ! मुलगा शाळेंत असतां आणलेला मासा त्याच्या मुंजीलाच काय, लग्नालाहि घरांत असूं शकेल, हा हिशेब तो विकत घेण्यापूर्वींच करावा. आपल्याकडे १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांची बंदिस्त पैदास साधली आहे. असा पैदाशीचा मासा मिळत असतां समुद्रांतला ओरबाडून आणलेला घेण्याचें कांहींच कारण नाहीं.

तथापि चिवटपणाचें हें पुराण ऐकून कोणीं वाटेल तो मासा उचलून आणील, तर तें आम्हांस इष्ट नाहीं. कांहीं मासे खरोखरच घरीं आणूं नयेत. कित्येक फुलपाखरी मासे जिवंत पोवळ्यांचे तुकडेच खातात. दुसरें कांहीं पुढें केलें तर उपाशी मरतात, पण तोंड लावीत नाहींत. लांब पांढऱ्या तुऱ्याचा मूरिश आयडॉल अनुभवी लोकांच्याहि हातीं टिकत नाहीं. इतर माशांचे अंगावरचे किडे टिपून खाणारा लहान निळा सफाईमासा घरच्या पेटींत बहुधा झुरतो. समुद्रघोड्याविषयीं तर दुहेरी सांगणें आहे. त्याला पोट असें नसतेंच; अन्न सरळ आतड्यांतून जातें, म्हणून त्याला दिवसांतून अनेक वेळां खावें लागतें. दुसरें असें कीं, २००१ सालापासून समुद्रघोडे आणि खडक बांधणारीं पोवळीं यांना भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें आहे. दुकानदार पडद्याआडून दाखवीत असला, तरी तीं घेणें हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर पोवळीं दिसतात म्हणून कोणीं खडक उचलून आणण्याचाहि विचार करूं नये. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक मिळतात, त्यांतहि जंतूंचें विरजण लागतें. फक्त वेळ अधिक द्यावा लागतो.

आतां घरांतल्या व्यवस्थेचें थोडें बोलूं. एकत्र कुटुंबांत माशांना धोका असतो तो दुर्लक्षाचा नव्हे, प्रेमाचा. आजोबा सकाळीं चिमूटभर घालतात, सूनबाई दुपारीं घालते, शाळेंतून आलेलीं मुलें घालतात, आणि रात्रीं पाहुण्यांना दाखविण्यासाठीं आणखी एकदां. उरलेलें अन्न कुजून अमोनिया वाढतो. खाऊ घालण्याचा अधिकार घरांत एकाच माणसाकडे असावा. सर्व मंडळी मे महिन्यांत कोंकणांत जाणार असतील, तर मोठे निरोगी मासे चार-सहा दिवसांच्या उपासानें मरत नाहींत. शेजाऱ्यांनीं दयेनें ओतलेल्या अन्नानें मात्र मरतात. (मँडरिनला हा नियम लागू नाहीं, तो आपलें आपण टिपून खातो.) ज्या घरांत मासळी शिजत नाहीं तेथें गोठविलेली कोळंबी दुधाशेजारीं ठेवण्यावरून खटका उडतो, आणि आजीबाईंचें म्हणणें आम्हांस चुकीचें वाटत नाहीं. कोरडे दाणे व सुकविलेलें समुद्रशेवाळ यांवर भागणाऱ्या जातीच निवडाव्या, किंवा हा प्रश्न मासे आणण्यापूर्वींच मिटवावा.

आमटी आटली कीं खारट होते, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना पेटींतलें पाणी कां गोड्या पाण्यानेंच भरून काढावयाचें, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. मुंबईच्या किनाऱ्यावरचें गढूळ पाणी, विशेषतः पावसाळ्यांत, पेटीसाठीं कामाचें नाहीं. तयार क्षार मिळतात ते मोजून घालावे. डांस मारण्याचा फवारा पेटीच्या खोलींत वर्ज्य, कारण त्यांतलीं बहुतेक द्रव्यें माशांना अति जहाल असतात. आणि देवघरांतला तांब्याचा तांब्या या कामीं घेऊं नये. तांब्याचा अंश पाण्यांत उतरला तर कोळंबी, गोगलगाई व पोवळीं यांचा अंत होतो. वीज गेली तर पहिल्या तासांत भीति असते ती प्राणवायूची. खाऱ्या पाण्यांत तो गोड्या पाण्यापेक्षां कमीच विरघळतो, उन्हाळ्यांत आणखी कमी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. नसेल तर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यानें पेटींतलें पाणी वरून पुन्हां पेटींतच थोडें थोडें ओतीत राहावें. ॲना थिन बाईंच्या मोलकरणीनें हेंच केलें होतें आणि आजहि तें तितकेंच लागू पडतें.

विकत घेतांना रंग पाहूं नये, पोट पाहावें. कल्ल्यांची धाप पाहावी. परांच्या कडा फाटलेल्या तर नाहींत ना तें पाहावें. मासा दुकानांत येऊन किती दिवस झाले, तो पैदाशीचा कीं समुद्रांतला, हें विचारावें. आठ दिवस तेथेंच राहूं द्या, पैसे आतां देतों, असें म्हणण्यास संकोच करूं नये. आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याला खाऊं घालावयास सांगावें. मासा खाईना, किंवा दुकानदार टाळाटाळ करूं लागला, तर मुलाचा हात धरून सरळ घरीं यावें.